दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना

चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात गिअरबॉक्सचं डिझाइन करणाऱ्या ताई आहेत. त्या नसत्या, तर मी केव्हाच गडचिरोलीला परत गेलो असतो. हे आधी सांगतो, बाकीचं मागून.

पुढच्या चाकांवर ओढल्या जाणाऱ्या छोट्या गाड्यांसाठी आम्ही ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे नमुने बांधतो. अशा गाडीत इंजिन आडवं बसतं आणि गिअरबॉक्सला त्याच्या शेजारी अंग चोरून राहावं लागतं. क्लचचं पेडल नाही. गिअर बदलायचं काम आतलं तेल करतं, दाबाने, काडीएवढ्या वाटांतून. त्या वाटा ताईंनी कितीदा आखल्या नि खोडल्या असतील, देव जाणे.

मी आठवीतून शाळा सोडलेला. माझ्या हातचा नमुना चाचणीला लागला की मी चार पावलं मागे सरकून उभा राहतो. त्या दिवशी दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना त्याने असा हिसका दिला, की शेजारच्या टेबलावरचा चहा सांडला.

"काय रे आठवी पास, इस्क्रू आत इसरला व्हय?" सुपरवायझर म्हणाले. "उद्यापासून पॅकिंगला जा."

पॅकिंगची माणसं कंत्राटी. काम संपलं की घरी.

"थांबा की साहेब," ताई म्हणाल्या. "चूक माझ्या डिझाइनचीपण असंल. आधी उघडू तर!"

त्यांनी मला समोर बसवलं आणि एकेक भाग माझ्याकडूनच काढवला. मी घाईघाईनं स्क्रू सोडवायला लागलो. "सावकाश. मला काही गाडी पकडायची नाही," त्या म्हणाल्या. तेलाची वाट उघडणारी बोटभर दांडी मध्येच अडकली होती. ती उजेडात धरून ताई हसायलाच लागल्या. दांडीला पांढरं सूत चिकटलेलं.

"हा तर आमच्या घरचा पाहुणा!" त्या टॉवेल विणणाऱ्यांच्या घरातल्या.

आमच्याकडे गिअरबॉक्सचे भाग पुसायला टॉवेलच्या कातरणांची पोती येतात. तेल छान टिपतात म्हणून सगळेच, सुपरवायझरसुद्धा, त्यांनीच पुसायचे. त्यांचं सूत आत जाऊन बसेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दांडी धुऊन बसवली. हिसका गेला.

"मग आता पुसायचं कशानं, पैठणीनं?" सुपरवायझर कुरकुरले.

"सूत न सुटणाऱ्या कापडानं. आणि पुढचा नमुना हाच बांधंल."

चाचणी म्हटलं की मला अजून धडकी भरते. ताईंना द्यायला माझ्याकडे दुसरं काही नाही. पण एक दिवस त्यांचा गिअरबॉक्स असा बांधून देईन, की तो उघडून बघायची वेळ त्यांच्यावर येणार नाही. ताई, हा माझा शब्द.