महादेवरावांनी टाचलेली पानं

नांदुऱ्याच्या वाचनालयात महादेवराव बावीस वर्षं पुस्तकं देत होते. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. नवी कादंबरी आली की आधी ते स्वतः वाचत आणि ती कुणाला मानवेल, कुणाला बाधेल, हे वैद्यासारखं ठरवत. तेवढ्यावर थांबले असते तर माझी तक्रार नव्हती. पण ज्याला जो भाग सोसणार नाही असं त्यांना वाटे, त्याच्यासाठी तेवढी पानं ते बाभळीच्या काट्याने टाचून ठेवत. त्या काळी कचेरीतले कागदही काट्यानेच टाचत, तेव्हा काट्यांना तोटा नव्हता. नव्या नवऱ्याला नायिकेचं मरण बंद, म्हाताऱ्याला शृंगार बंद. मला एकदा अख्खा खून बंद होता आणि मी त्यांच्याशी कडाडून भांडलो होतो. बाकीचे माझ्याहून शहाणे. घरी गेल्या गेल्या काटा उपसून तेवढंच आधी वाचत.

एकट्या सत्यभामाबाईंनी कधी काटा काढला नाही. त्या विधवा, गावाबाहेर मळ्यात राहणाऱ्या. एकुलता मुलगा इंद्रभान पलटणीत, इटलीच्या आघाडीवर. बायका वाचनालयाची पायरी चढत नसत. भाजीवाली झुंबरबाई बाजाराच्या दिवशी मेथीच्या जुड्यांखाली त्यांचं पुस्तक नेई-आणी, निरोपही सांगे. नऊ वर्षांत महादेवरावांनी बाईंना पाहिलं नव्हतं, तरी आठवडाभर ते त्या टोपलीची वाट पाहत. परत आलेल्या पुस्तकात काटा जागच्या जागी दिसला की त्यांचा चेहरा खुलायचा. कुणीतरी आपलं ऐकतं, एवढंच सुख त्या माणसाला होतं.

चव्वेचाळीसच्या दिवाळीनंतर एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी आली. किल्ल्याला वेढा, घरी वाट पाहणारी आई, आणि शेवटी मुलगा तटावर पडतो. झुंबरबाईने निरोप आणला, "बाई म्हनते, ते लढाईचं पुस्तक मलेच पहिले पाह्यजे." बाईंना लढाईच्याच गोष्टी आवडत. पण इंद्रभानचं पत्र दोन महिने आलेलं नाही, हेही झुंबरबाईनेच सांगितलं होतं.

महादेवराव तीन दिवस बेचैन होते. मला म्हणाले, "नाही म्हनलं तं त्याईले शंका येईन. देलं तं शेवट वाचतीन."

"त्या काय लहान लेकरू आहेत का? द्या तसंच," मी म्हणालो. ऐकतील तर महादेवराव कसले! शेवटच्या चाळीस पानांना त्यांनी तीन काटे लावले आणि पुढच्या बाजाराला पुस्तक धाडलं.

चौथ्या दिवशी भर दुपारी सत्यभामाबाई स्वतः वाचनालयाच्या दारात उभ्या राहिल्या. माझ्या हातातला पेपर हातातच राहिला. बाईंनी पदराखालून पुस्तक काढलं. काटे तसेच होते.

"भाऊ, पेपरात माह्या पोराचं नाव आलं ना?"

"नाही हो बाई! कोन सांगतलं?"

"मंग इतले काटे काऊन लावले? नागपूरचा पेपर तुमच्याकडं पहिले येते. तुमाले समजलं, म्हनून तुमी मले अर्ध्यावर थांबवलं."

बाईंनी दोन-तीन दिवस अन्न घेतलं नसावं, हे चेहऱ्यावरच दिसत होतं. महादेवरावांनी एकेक काटा उपसला आणि उभ्यानेच ती पानं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तटावरचा पोरगा पडला, ते पानही त्यांनी वाचलं. बाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"हे पुस्तकातलं लेकरू आहे," त्या म्हणाल्या. "माहं नाही."

पुस्तक टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या. मला महादेवरावांचा राग आला होता, आणि तितकीच कीवही आली.

महिनाभराने इंद्रभानचं पत्र आलं. पायाला दुखापत, पण जीव शाबूत. बाजाराच्या दिवशी झुंबरबाईने टोपली उतरवून पेढ्यांची पुडी दिली. महादेवराव सकाळपासूनच एक पुस्तक काढून बसले होते. त्यात एकही काटा नव्हता, मी पाहिलं होतं.

"पुस्तक नको म्हनते बाई," झुंबरबाई म्हणाली. "म्हने, आता पान उलटाले भेव लागते. भाऊले सांग, माहं नाव खोडून टाका."

"लहानसं देतो. हसन्याचं," महादेवराव घाईने म्हणाले. "एकदा विचारून तं पाह्य."

झुंबरबाईने टोपली डोक्यावर घेतली.

"इचारलं म्या, भाऊ," ती म्हणाली आणि बाजाराकडे चालू लागली.