धुरकट ब्लू-रे
चांगली डिस्क खराब म्हणून पुन्हा पुन्हा बदलून आणणारी अख्ख्या बेळगावात एकटी शहाणी मीच. परवा कपाट उघडलं, सिनेमांच्या ब्लू-रे डिस्कच्या डब्यांचा प्लॅस्टिकचा वास आला आणि ते आठवलं. कुठलीही डिस्क लावली की आमचे हे म्हणायचे, “चित्र धुरकट हाय गं.” मला तर नटीच्या नथीतला मोतीसुद्धा लख्ख दिसायचा. पण सिनेमातलं ह्यांनाच कळतं, म्हणून मी जाऊन दुकानदाराशी भांडून यायची. शेवटी ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, साखरेच्या आजारानं ह्यांची नजर गेलीय, परत येणार नाही. बाहेर बाकावर मी नुसती फिरता पंखा बघत बसले. शेजारी बसून हे म्हणाले, “मला कवाच कळलं हुतं गं. पण तू भांडून दुसरी आणायचीस, तवर वाटायचं, डिस्कच खराब असंल.”