गुरुवारचा दवाखाना आणि एक पोस्टकार्ड

ज्या दवाखान्यात आपल्याला कोणी पाहू नये अशीच प्रत्येकाची इच्छा असते, तिथे किस्से फार साठतात. सर्दी-खोकल्याच्या दवाखान्यात माणूस खरे बोलतो, म्हणून तिथे सांगण्यासारखे फारसे घडत नाही. सत्तरच्या दशकात जुन्या जालन्यात, मस्तगडाजवळच्या एका धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी मनाच्या आजारांची तपासणी चाले. औरंगाबादहून रेल्वेने डॉक्टर येत, बापूराव कंपाउंडर गोळ्यांच्या पुड्या बांधत आणि समाजकार्याची पदवी घेऊन नुकतीच आलेली मी रुग्णांची माहिती लिहून घेई. आम्ही तिघे कधी भेटलो की अजूनही हाच विषय निघतो. ऐकीव ते मी गाळले आहे. पुढे देते ते माझ्यासमोर घडले, किंवा ज्याच्या बाबतीत घडले त्याने स्वतः मला सांगितले.

*

पहिले तीन गुरुवार एकही रुग्ण आला नाही. दारावर ‘मनोविकार उपचार केंद्र’ अशी पाटी होती. मजकूर माझा. माणसे पाटीपर्यंत येत, ती वाचत, आणि समोरच्या किराणा दुकानातून उगाच पावशेर साखर घेऊन परत जात. दुकानदार खूश!

चौथ्या गुरुवारी बापूरावांनी मला न विचारता पाटी उतरवली आणि फळ्यावर खडूने लिहिले : डोकेदुखी, झोप न लागणे, छातीत धडधड. दहा वाजेपर्यंत व्हरांडा भरला.

“बापूराव, ही दिशाभूल आहे,” मी म्हणाले.

“बाई, तुमची पाटी बिलकुल बराबर होती. फक्त ती वाचून माणूस घरी जाऊन राह्यला होता!”

*

खरे नाव कोणी सांगत नसे. एकदा ज्ञानोबा नावाचे एक शेतकरी झोप लागत नाही म्हणून आले. बापूरावांनी रजिस्टर चाळले आणि आनंदाने म्हणाले, “तुमचा कागद आहे की! संशयाचा आजार. तीनदा येऊन गेलात.”

“मी? मी तर आजच आलो!”

डॉक्टरांनी चष्मा काढून गंभीरपणे विचारले, “पूर्वी आल्याचे अजिबात आठवत नाही?”

ज्ञानोबांचा चेहरा उतरला. ते खरोखर आठवू लागले. मग काहीतरी सुचून त्यांनी बापूरावांना विचारले, “तो जो आल्ता, त्याच्या उजव्या गालावर मस होता का?”

“होता.”

“आमच्या चुलत्याचा दत्तू! आधी माझा बांध कोरला, आता येडेपणबी माझ्या नावावर करून राह्यलाय!”

आम्ही फार हसलो. हसून झाल्यावर मी नियम केला : खरे नाव आणि रुग्ण जिथे राहतो तिथला पूर्ण पत्ता दिल्याशिवाय कागद काढायचा नाही.

*

महिन्यातून एकदा आम्ही दवाखान्याच्या जीपने एखाद्या गावी जाऊन व्याख्यान देत असू. व्याख्यान माझे. मेंदूचा रंगीत चार्ट शाळेच्या भिंतीवर टांगून मी सांगत असे की मन आजारी पडणे आणि शरीर आजारी पडणे यांत लाज वाटण्यासारखा काही फरक नाही. एका गावात पुढेच बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी मला मध्येच थांबवले.

“बाई, तुमच्या घरात हाय का कोणी असं?”

“नाही.”

“मंग तुम्हाला बोलायला काय जातंय!”

सगळी शाळा हसली. मीही हसले, कारण आक्षेप योग्य होता. सभा संपल्यावर मी चार्ट गुंडाळत असताना त्या जवळ आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, “माझा ल्योक आठ वर्सं झाले बैलांच्या शेजारी बांधलेला हाय. त्याला जीपमध्ये घेता का?”

*

आता कमलविषयी.

तिचे भाऊ, खरात गुरुजी, केदारखेड्याचे. प्राथमिक शिक्षक, शांत, नेहमी इस्त्रीच्या सदऱ्यात. कमल पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मुलगी झाल्यावर तिची झोप गेली आणि भिंतीतून माणसे आपल्याविषयी बोलतात असे तिला ऐकू येऊ लागले. सासरी काही न कळवता गुरुजी तिला आमच्याकडे आणू लागले. चार-पाच महिन्यांत ती इतकी सावरली की सासरी परत गेली. गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या होत्या. गुरुजी दर महिन्याला त्या घेऊन जात आणि शेवयांच्या डब्यात तळाशी घालून बहिणीला पोचवत.

सासरी जाण्यापूर्वी डॉक्टरांनी तिला विचारले होते, “आवाज अजून येतात का?”

“येतात कधीमधी. पण आता माझ्याबद्दल न्हाई बोलत. त्यांचं त्यांचं चाललेलं असतं!”

माझ्या नियमाप्रमाणे तिचा पत्ता बदलायचा होता. गुरुजी घुटमळले.

“बाई, माहेरचाच राहू दिला तर?”

“ती राहणार कुठे?”

“सासरी.”

“मग सासरचाच लिहायला हवा.”

त्यांनी सांगितला. मी लिहून घेतला.

*

मध्येच गोळ्या सोडणाऱ्यांना पोस्टकार्ड पाठवायचे, ही पद्धतही मीच सुरू केली. खंड पडला की आजार उलटतो, हे आमच्या अभ्यासक्रमात होते. गावात पोस्टमन कार्ड वाचूनच दाखवतो, हे अभ्यासक्रमात नव्हते.

एका महिन्यात शाळेची तपासणी निघाली आणि गुरुजींचा गुरुवार चुकला. मी कार्ड लिहिले : ‘कमलबाईंच्या मनाच्या आजाराच्या गोळ्या संपल्या असतील. खंड पडू देऊ नये. गुरुवारी यावे.’ तीन वाक्ये. एकही शब्द अनावश्यक नव्हता.

तिचे सासरे चहाच्या हॉटेलात बसले होते. पोस्टमनने तिथेच वाचून दाखवले.

दोन आठवड्यांनी गुरुजी आले, सोबत कमल. दीड वर्षाची मुलगी सुजाता ठेवून घेऊन सासरच्यांनी तिला माहेरी धाडले होते. कमल व्हरांड्यात भिंतीशी बसली. गुरुजी माझ्या टेबलासमोर आले.

“बाई, कार्ड तुम्हीच लिहिलं न?”

“हो.”

“अक्षर चांगलं हाय. पोस्टमन कुठंच अडखळला न्हाई म्हणे.”

*

गुरुजी दोनदा सासरी जाऊन आले, डॉक्टरांनी पत्र धाडले, उपयोग झाला नाही. अखेर सात महिन्यांनी तिच्या सासरचे लोक बोलायला तयार झाले. आम्ही जीपने गेलो : डॉक्टर, गुरुजी, कमल आणि मी. मुलगी परत मिळावी, एवढेच मागणे होते. विहाराच्या ओसरीवर मंडळी जमली होती. जयभीम झाला, पाणी झाले. कमलचे चुलत सासरे बोलले. गावात शाळा यावी म्हणून खेटे घातलेला, विचारी माणूस.

“डॉक्टरसाहेब, अंगारे-धुपारे आम्ही छप्पन सालीच सोडले. भूत म्हणावं तर आम्ही मानत न्हाई. आजार म्हणावं तर ताप न्हाई, जखम न्हाई. मंग तुम्हीच सांगा, हिला काय म्हणायचं?”

“तिला कमल म्हणा,” डॉक्टर म्हणाले. दोघेतिघे हसले.

मग त्यांनी तिची परीक्षा घेतली. वार विचारला. नात्यातली नावे विचारली. कोणीतरी विचारले, “आठ माणसांच्या भाकरीला पीठ किती लागंल?”

“ज्वारी नवी का जुनी?” कमलने विचारले.

बायकांमध्ये हसू पिकले. मला वाटले, जिंकलो!

“पोरगी शहाणी हाय,” चुलत सासरे म्हणाले. “मंग गोळ्या कशाला? गोळ्या सोडून एक वरीस चांगली राह्यली, की आम्ही सोता न्यायला येऊ. तवर लेकरू इथंच.”

“गोळ्या चालू आहेत म्हणून ती बरी आहे.”

“म्हंजे बरी न्हाई.”

तर्कशास्त्र मी दोन वर्षे शिकले होते. या वाक्यातली चूक मला दिसत होती. ओसरीवर बसलेल्या एकालाही मला ती दाखवता आली नाही. कमलचा नवरा खांबाला टेकून जमिनीकडे पाहत होता.

“निदान भेट तरी,” गुरुजी म्हणाले.

सासू सुजाताला कडेवर घेऊन आली. कमलने हात पुढे केले. मुलीने तिच्याकडे पाहिले, मग आजीच्या खांद्यात तोंड खुपसले आणि पदर मुठीत घट्ट धरला.

मुलीकडे कोणीच पाहत नव्हते. सगळे कमलकडे पाहत होते. मागून एक बाई हळूच म्हणाली, “बघा, आता सुरू होईल.”

कमलने पिशवीतून एक झबले काढले आणि सासूच्या हातात दिले. “जरा ढगळच शिवलंय,” ती म्हणाली. “वरीसभर येईल.” मग मोठ्यांना वाकून नमस्कार केला, सगळ्यांना जयभीम केला आणि सरळ चालत येऊन जीपमध्ये बसली.

गाव सुटले. ओढा गेला. गुरुजी बाहेर पाहत होते. केदारखेड्याच्या रस्त्याला लागल्यावर कमलने पुढे वाकून विचारले, “डॉक्टरसाहेब, आता त्यांच्यातलं कोणी न्हाई न इथं?”

“नाही.”

“मंग थोडं रडले तर चालंल का? गोळी वाढवणार न्हाई न?”