नमुन्याची सुकेळी

सॅन्टन माझ्या प्रत्येक प्रयोगाला पहिल्या रांगेत असायचा. पडदा पडला की रंगपटात शिरायचा आणि वाळक्या केळीच्या पानात बांधलेला पुडा माझ्या हातावर ठेवायचा. त्यात सुकेळी. राजेळी केळ्यांची, मधाच्या रंगाची, त्याच्या बोळिंजच्या वाडीतली. किती टाळ्या मिळाल्या ते विसरलो. ती चव विसरलो नाही.

१९७८ साली त्याच्या डोक्यात एक कपाट शिरलं. सुकेळी करायची तर सोललेली केळी दिवसचे दिवस उन्हात ठेवावी लागतात. मधेच आभाळ भरून आलं की आंबतात, आणि सगळा माल उकिरड्यावर. सॅन्टनला हवं होतं पत्र्याचं, काचेच्या दारांचं कपाट. खाली शेगडी, वर केळ्यांच्या फळ्या. ऊन असो वा नसो, माल तयार!

"दिनूअण्णा, मुंबईचा एक दुकानदार तयार झालाय," तो म्हणाला. "नाताळाला पेट्या भरून माल दिला तर वर्षभर घेणार. नाही दिला तर विषय संपला."

जवळच्या पैशांत त्याने सुताराकडून लाकडी सांगाडा करून घेतला. काच आणि पत्रा राहिला. छोट्या धंद्यांना बँका कर्ज देतात असं तेव्हा रेडिओवर सारखं सांगत. आम्ही दोघं माणिकपूरच्या बँकेत गेलो.

"सुकेळी म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं.

सॅन्टनने पुडा सोडला. साहेबांनी एक खाल्लं, मग दुसरं. "वा! पण केळी म्हणजे शेती. त्या टेबलावर जा."

त्या टेबलावरच्या साहेबांनीही खाल्लं. "झाडावर होतं तोवर शेती. वाळवलंत की उद्योग. तिकडेच जा."

परत पहिलं टेबल. "उद्योग म्हणता, तर गाळा कुठाय? गोखिवऱ्याला कारखान्यांच्या वसाहतीत एखादा गाळा घ्या."

"साहेब, केळी बोळिंजात, घर बोळिंजात. गोखिवऱ्याला जाऊन काय वाळवू? मला?"

साहेब हसले नाहीत. "बरं, जामीन कोण राहणार?"

मी उठलो. छाती पुढे काढून, थेट मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मी!"

"आपण काय करता?"

"नट आहे."

"ते ठीक. पण नोकरी?" मग ते माझ्याकडे निरखून बघू लागले. "अहो, भावाची वाडी लाटणारे ते तुम्हीच ना? काय हलकट माणूस रंगवलात! आमची मंडळी घरी येईपर्यंत शिव्या देत होती."

एवढी दाद देऊन त्यांनी माझ्या नावावर काट मारली.

त्यानंतर आम्ही जातच राहिलो. कधी साहेब रजेवर, कधी साहेब मीटिंगमध्ये. भेटले की निरोप ठरलेला: "वरच्या ऑफिसात दाखवायचंय, पुढच्या वेळी जरा जास्त नमुना आणा." वरच्या ऑफिसात काय पोचत होतं देव जाणे, टेबलाखालच्या टोपलीत पुड्यांची रिकामी पानं मात्र दिसायची.

सॅन्टनची बायको मटिल्डा जिभेची तिखट. पुडे बांधता बांधता म्हणायची, "बँक कसली कर्ज देतेय? आपणच तिला केळी उधार देतोय." अंगणातल्या सांगाड्यात तोवर तिच्या कोंबड्या बसायला लागल्या होत्या.

नाताळ तोंडावर आला आणि आभाळ भरून आलं. उन्हात घातलेली केळी आंबली. जेमतेम एक पुडा हाती लागला. तो घेऊन आम्ही परत माणिकपूरला गेलो, तर साहेबांची बदली झालेली. खुर्चीत नवे साहेब.

"फाइल बघतो," ते म्हणाले. "नमुना आणलाय?"

सॅन्टन खुर्चीत बसला. पुडा मांडीवर घेऊन गाठ सोडली, आणि एक सुकेळं स्वतःच्या तोंडात टाकलं. सावकाश चावलं. मग दुसरं. मग तिसरं. टाइपरायटर थांबले. नवे साहेब हात पुढे केलेले, तसेच. शेवटचं तोंडात टाकून त्याने पान नीट घडी करून खिशात ठेवलं.

"माल एक नंबर आहे, साहेब. मी पास केला."

आणि तो बाहेर पडला. मी जन्मभर रंगमंचावरून एक्झिट घेतल्या, पण मला त्यासाठी दिवे लागायचे, पेटी लागायची. या गड्याला काही लागलं नाही.

बाहेर पायरीवर मी त्याला गाठलं. शेवटचा घास अजून गालातच होता, गिळवत नव्हता.

"अण्णा, आता दुकानदाराला काय सांगू?"

आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं बोलत आलो. त्याचा हात धरून एसटीच्या थांब्यापर्यंत नुसता चालत राहिलो.

काच कधी आली नाही, पत्राही नाही. सांगाडा कायमचा कोंबड्यांचा झाला. रोज सकाळी अंडी काढताना मटिल्डा ओरडायची, "बँक उघडली रे!" शेजारीपाजारी हसायचे. सॅन्टन उन्हाकडे डोळे लावून केळी उलटत असायचा. ती अंडी त्याने कधी खाल्ली नाहीत.