अर्ध्या जेवणावरचा फोन

फोन वाजला तेव्हा मी अर्ध्या जेवणावर थांबले होते. कॅम्प तीनमधल्या आमच्या जीन्सच्या कारखान्यात मशिनी बंद, बायका डबे उघडून बसलेल्या, आणि स्क्रीनवर ताईचं नाव. एरवी फोन मी करायचे. आज तिनेच केला म्हणून केवढी खूश झाले मी! "बोल गं," म्हणाले. पलीकडे दाजी होते. "संगीता… प्रज्ञा गेली."

प्रज्ञाताई माझी थोरली बहीण. अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या चाळीत आम्ही वाढलो. ती शिकतच गेली, मी शिवणात रमले. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत ती उंदरांवर काम करायची. पोट भरल्याचा निरोप मेंदूला कसा पोचतो, आणि नर-मादीत तो वेगवेगळा का, हा तिचा विषय. आई कपाळाला हात लावायची, "एवढं शिकून पोरगी उंदरांना जेवू घालते!" ताई म्हणायची, "आई, पिंजऱ्यात काय उरलं ते आम्ही तोलतो. तुझ्यावर प्रयोग करायचा तर पंचाईत, उरलंसुरलं तूच संपवतेस." आई हसायची, आणि पातेलं पुसून खायची.

माझी पाळी गेली आणि मी जी सुटले! डबा तोच, चपात्या त्याच, पण पोट भरल्यासारखं वाटायचंच नाही. बदलापूरला एका बारशाच्या पंगतीत नणंद सगळ्यांदेखत म्हणाली, "वहिनी, जरा तोंडाला आवर घाला." मी हसण्यावारी नेलं, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताई वाढत होती. तिने डाव खाली ठेवला. "तिच्या तोंडाचा काय दोष? आमच्याकडे तुपकट खाणं दिलं की नर लगेच फुगतो, मादी बरेच दिवस तग धरते. तिच्या अंगातलं हार्मोन 'पुरे' हा निरोप नीट पोचवतं. ते आटलं की तिचंही तेच होतं. माणसाचं उंदराइतकं सरळ नसतं, कबूल. पण माझ्या बहिणीला हावरट म्हणायचं काम नाही." मला तर रडूच फुटलं. मी हावरट नाही, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं हो.

त्या दिवशी निघताना म्हणाली, "जेवण अर्धं झालं की थांबायचं आणि मला फोन करायचा. निरोप उशिरा येतोय ना, मग त्याला वेळ देऊ." तेव्हापासून रोज दुपारी आमचा फोन. बोलायचो काय, तर शेठच्या कटकटी, तिचे उंदीर, तिच्या घरची, बेलवलीची गेलेली लाइट. शेवटी ती विचारायची, "हं, आता विचार पोटाला." बहुतेक वेळा डबा बंद व्हायचा. कधी मी म्हणायचे, "आहे गं अजून भूक." "मग खा की! लाजतेस काय?"

मग तिचं आजारपण आलं आणि तिची भूकच गेली. बेलवलीला तिच्या घरी गेले तेव्हा तिच्या आवडीची सुकटीची चटणी नि तांदळाची भाकरी करून नेली होती. दोन घास खाऊन तिने ताटावर हात आडवा धरला. "भरलं, संगे. निरोप फार लवकर येतो बघ आता." मी हट्टाला पेटले. "ताई, एकच घास… माझ्यासाठी." तिने डोळे मिटून तो घास गिळला. माझ्यासाठीच. ती आमची शेवटची भेट.

ताईच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले, मी कारखान्यात परतले. अजूनही अर्ध्या डब्यावर हात थांबतोच. फोन शेजारी पडलेला असतो. शेजारची मशिनवाली विचारते, "दीदी, खाती क्यूं नहीं?" परवा राहवेना, लावला तोच नंबर. दाजींनी उचलला.

"जेवलीस?"

"अर्धी."

दाजी मुळात कमी बोलणारा माणूस. घसा खाकरून म्हणाले, "हं… आता विचार पोटाला."

आजारपणात ती घरी असताना रोज दुपारी तिच्या शेजारी बसून ऐकलं असणार त्यांनी.

"आहे हो दाजी, अजून भूक आहे."

"मग खा की," ते म्हणाले, आणि माझा डबा संपेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही.