शिलाईच्या वाट्याची एक खुर्ची

कपड्यांच्या त्या कारखान्यात निम्म्याहून जास्त माणसं शिलाईत होती, आणि त्या साऱ्या बायका. तरी कामगार समितीच्या पाच खुर्च्यांपैकी त्यांना मिळायची एकच, कारण विभाग पाच आणि दर विभागाला एक खुर्ची. कोठारात जेमतेम डझनभर माणसं, त्यांनाही एक.

शिलाईच्या खुर्चीवर बसायची ती, जिला सगळे ‘कात्री’ म्हणत. जीभच तशी होती. बायका तिला भरभरून मतं देत आणि ती दर बैठकीत चार विरुद्ध एक अशी हरून येई. दुपारची सुट्टी जरा वाढवा म्हणाली, हरली. दालनाच्या बंद खिडक्या उघडा म्हणाली, तरी हरली.

शेवटी तिनं मुळालाच हात घातला. सगळी मतं एकत्र मोजा आणि ज्या गटाला जेवढी मतं, त्या प्रमाणात खुर्च्या द्या, म्हणाली. हेही पडलं. समितीचा अध्यक्ष होता पॅकिंगमधला तिचा सख्खा दीर.

“वहिनी, नियम आहे. मतं वाढली म्हणून खुर्ची वाढत नाही.”

“मग नियमानंच बघू, भाऊजी.”

निदान निम्म्या कामगारांनी मत दिलं नाही तर निवडणूक रद्द, असाही एक नियम होता. मतदानाच्या दिवशी पेटी शिलाईच्या दारात आली, पण एकीनंही मशीन थांबवलं नाही. दीर ताटकळला, मग आत येऊन विनवण्या करू लागला. कात्री मान खाली घालून बाही जोडत राहिली. शेजारची नवी मुलगी चुळबुळली. हक्काचं मत वाया चाललंय म्हणाली.

“इतकी वर्षं देऊन वायाच गेलं,” कात्री म्हणाली. “आज न देऊन बघू.”

निवडणूक रद्द झाली. पुन्हा घेतली, पुन्हा तेच. समितीच नाही म्हटल्यावर पगारवाढीची बोलणी अडली, तेव्हा कोठारवाल्यांनीच दिराला धारेवर धरलं. सगळ्यांच्या सभेत नवी मोजणी मंजूर झाली. दीर महिनाभर घरात तिच्याशी बोलला नाही.

नव्या समितीत शिलाईच्या तिघी आल्या. त्यातली एक मात्र कात्रीच्या विरोधातली. कात्रीशी न पटणाऱ्या बायकांनी वेगळा गट काढला होता. तुझाच नियम तुझ्यावर उलटला, असं कुणीतरी डिवचलं.

“उलटू दे. तिच्यामागे बायका आहेत, बसेल ती.”

पहिल्याच बैठकीत दोघी कडाकडा भांडल्या, आणि पॅकिंगमधून निवडून आलेला दीर दोघींचं म्हणणं लिहून घेत राहिला.