जयसिंहरावांचे सोळा धडे

हजिऱ्याच्या एकाच आवारात दोन सरकारी शाळा होत्या. धाकट्या मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका मंदाताई आणि मोठ्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक जयसिंहराव. एकीकरणाच्या वर्षी वरून आदेश आला की, दोन शाळांची एक शाळा होईल; तूर्त दोन्ही मुख्याध्यापकपदे रद्द; ऑनलाइन संगणक-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र जो आधी आणील, तो नव्या शाळेचा प्रमुख.

जयसिंहरावांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. खुर्चीवरूनच निवृत्त व्हावे, एवढीच त्यांची मनीषा. पूर्वज दक्षिणेतून मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे उत्तरेत आलेले. हुकमाबाहेर पाऊल टाकणे त्या घराण्याला ठाऊक नव्हते. प्रशिक्षणही त्यांनी त्याच निष्ठेने घेतले. स्नान करून, कोट चढवून ते मोबाइलसमोर बसत. पडद्यावरच्या बाईंनी नमस्कार केला की उलट नमस्कार करीत. सोळा धडे त्यांनी चार वह्यांत उतरवले आणि प्रत्येकाखाली तारखेसह सही केली.

मंदाताईंचा मोबाइल मात्र स्वयंपाकघरात मेथीच्या जुडीला टेकून एकटाच शिकत असे.

शेवटच्या दिवशी दोघे शाळेतच बसले. अखेरच्या पानावर प्रश्न आला, "क्या आप संस्था प्रमुख हैं?" खाली दोन बटणे : "हाँ" आणि "नहीं".

जयसिंहराव थबकले. "ताई, पद तर रद्द झालंय. मग हो कसं म्हणायचं?"

"अहो दादा, दाबा ना! मशीनला काय पता चलणार आहे?"

"सरकारी कागदावर खोटं?"

"कागद कुठाय? काच आहे ही! मी तर दाबून मोकळी झाले."

जयसिंहरावांनी चष्मा पुसला आणि "नहीं" दाबले. प्रशिक्षण केवल संस्था प्रमुखों के लिए है, असे सांगून यंत्राने धन्यवाद दिले आणि सोळाही धडे पुसून टाकले. मंदाताईंचे प्रमाणपत्र फुलांच्या नक्षीसह तत्क्षणी अवतरले. प्रमुख होण्यास प्रमाणपत्र हवे आणि प्रमाणपत्रास आधी प्रमुख असावे लागते, हे ज्ञान चारही वह्यांत कुठे नव्हते.

आठवड्याभरात खुर्ची मंदाताईंकडे गेली. जयसिंहराव आठवीला गणित शिकवू लागले. तिसऱ्याच दिवशी त्यांना बोलावणे आले.

"दादा, मुलांची यादी आजच ऑनलाइन भरायचीये. हे खुलतच नाहीये हो."

"सातवा धडा, ताई."

"तो मेथीत गेला. या, इथंच बसा."

मंदाताई उठून उभ्या राहिल्या. जयसिंहराव त्या खुर्चीवर बसले. चारशे बारा नावे त्यांनी दुपारपर्यंत भरली. शेवटची चौकट संस्था प्रमुखाच्या नावाची होती. तीत त्यांनी मंदाताईंचे संपूर्ण नाव एकही चूक न करता लिहिले आणि खुर्ची रिकामी करून दिली.